रॉनी मोरन: एकोणपन्नास वर्षं एका क्लबात, ५३ दिवस खुर्चीत

प्रकरण थोडक्यात

२२ फेब्रुवारी १९९१, शुक्रवार. केनी डॅलग्लिश यांनी लिव्हरपूल या इंग्लिश फुटबॉल क्लबचं मॅनेजरपद सोडलं. संघ लीगमध्ये तीन गुणांनी पहिला होता. एफए कप या बाद पद्धतीच्या स्पर्धेत शहरातल्याच एव्हर्टनशी दोन सामने बरोबरीत सुटले होते आणि तिसरा पाच दिवसांवर आला होता. लीगचा पुढचा सामना तर दुसऱ्याच दिवशी ल्युटनला होता. क्लबने संघ रॉनी मोरन यांच्या हाती दिला. मोरन तेव्हा क्लबात जवळपास ४२ वर्षं होते: आधी खेळाडू, मग प्रशिक्षक. क्लबच्या घरच्या मैदानावर, अ‍ॅनफिल्डला येणाऱ्या माणसाला मॅनेजरनंतर सर्वांत ओळखीचा चेहरा त्यांचाच.

१६ एप्रिलला ग्रॅहम सूनेस यांची नेमणूक झाली आणि मोरन आपल्या जुन्या कामाला परतले. त्या ५३ दिवसांत काय झालं, प्रेक्षकांच्या या माणसावरच्या जिवापाड प्रेमाचा क्लबने कसा उपयोग केला आणि त्या प्रेमात दडलेली कोणती माहिती क्लबने वाचलीच नाही, हे इथे मांडलं आहे. सामान्य चाहत्यांची नावं कुठेही घेतलेली नाहीत. ज्यांची नावं आली आहेत त्यांचं आयुष्य सार्वजनिक नोंदीत आहे.

पार्श्वभूमी

मोरन यांचा जन्म २८ फेब्रुवारी १९३४ चा, लिव्हरपूलला लागून असलेल्या क्रॉसबीचा. क्लबच्या चेअरमनच्या घरी टपाल टाकणाऱ्या पोस्टमनने या मुलाचं नाव त्यांच्या कानावर घातलं आणि १९४९ मध्ये, पंधराव्या वर्षी, मोरन क्लबात आले. १९५२ मध्ये करार झाला, त्याच नोव्हेंबरात डर्बीविरुद्ध पहिला सामना. डावे बचावपटू म्हणून ते ३७९ सामने खेळले. १९५४ मध्ये संघ दुसऱ्या विभागात घसरला तेव्हा ते होते, १९६२ मध्ये वर आला तेव्हा होते आणि १९६४ मध्ये विजेता झाला तेव्हाही होते.

१९६६ मध्ये तेव्हाचे मॅनेजर बिल शँकली यांनी त्यांना प्रशिक्षकांच्या चमूत घेतलं. वय होतं ३२. तिथून शँकली, बॉब पेझली, जो फॅगन, डॅलग्लिश, सूनेस आणि रॉय एव्हन्स अशा सहा मॅनेजरांच्या हाताखाली त्यांनी काम केलं. १९७३ ते १९९० या काळात क्लबने ११ वेळा लीग जिंकली आणि १९७७, १९७८, १९८१, १९८४ असा चार वेळा युरोपियन कप. या प्रत्येक विजयाच्या वेळी मोरन प्रशिक्षकांच्या चमूत होते.

बूट रूम म्हणजे मेन स्टँडखालची, ड्रेसिंग रूमजवळची छोटी खोली. भिंतीवर बूट टांगलेले, बसायला बिअरचे रिकामे क्रेट. शँकलींचे सहकारी तिथे जमत. सामना संपला की पाहुण्या संघाच्या प्रशिक्षकांनाही आत बोलवत, पाहुणचार करत आणि गप्पांच्या ओघात त्यांच्या खेळाडूंची माहिती काढून घेत. पेझली, फॅगन आणि पुढे एव्हन्स याच खोलीतून मॅनेजर झाले. त्या पिढीतले मोरन मात्र कायमचे मॅनेजर कधीच झाले नाहीत.

त्यांचं काम नेमकं काय होतं

चाहत्यांचं प्रेम समजायचं तर आधी हे काम नीट पाहायला हवं, कारण ते प्रेम हवेतून आलेलं नव्हतं.

सरावाचा दिवस अ‍ॅनफिल्डला सुरू व्हायचा. खेळाडू तिथे जमायचे, कपडे बदलायचे आणि बसने चार-पाच किलोमीटरवरच्या मेलवूड या सरावाच्या मैदानावर जायचे. थोडं हलकं धावणं, मग पाच-पाच जणांचे छोटे सामने, कधी दोनच स्पर्शांची अट. सराव संपला की आंघोळ न करता पुन्हा बस. अ‍ॅनफिल्डला पोचेपर्यंत अंग हळूहळू निवायचं, त्यानंतर आंघोळ, मग जेवण. आज ज्याला कूल-डाऊन म्हणतात ते या बसच्या फेरीतच होऊन जायचं. कुणी त्याला शास्त्राचं नाव दिलं नव्हतं, पण स्नायू एकदम थंड पडू नयेत ही काळजी त्यात होती.

दुसरं काम वह्यांचं. रोज काय सराव घेतला, हवा कशी होती, कुणाला काय दुखापत झाली, कोण किती दिवस बाहेर, हे सगळं तारीखवार लिहून ठेवलं जायचं. एखाद्या हंगामात संघ जानेवारीत थकलेला दिसला तर मागच्या वर्षांच्या वह्या उघडायच्या आणि त्या आठवड्यांत तेव्हा काय केलं होतं ते पाहायचं. मॅनेजर बदलले तरी सरावाची घडी का मोडली नाही, याचं अर्धं उत्तर या वह्यांत आहे.

तिसरं काम आवाजाचं. लिव्हरपूलने लीग जिंकली की पुढच्या हंगामाच्या सुरुवातीला मोरन पदकांची पेटी घेऊन ड्रेसिंग रूममध्ये यायचे. पदकासाठी किमान १४ लीग सामने खेळलेले असावे लागत. ज्याचा हक्क आहे त्याने उचला, असं सांगून पेटी ठेवायची आणि लगेच बजावायचं की हे मागच्या वर्षीचं झालं, या वर्षी अजून काहीच जिंकलेलं नाही. कौतुकाला तिथे एवढीच जागा. संघ पाच गोलांनी पुढे असला तरी सहाव्या मिनिटाला चुकलेल्या पासवरून ते डगआउटमधून ओरडणार. डॅलग्लिश असोत की सूनेस, कुणाला सूट नाही.

कोल्हापूरच्या वाचकाला हे वेगळं समजावून सांगायला नको. तालमीतला वस्ताद असतो तसं हे. पोस्टरवर नाव मल्लाचं, पण पहाटे कोण किती बैठका काढतो आणि कुणाचा गुडघा कुरकुरतोय ते वस्तादाला ठाऊक.

प्रेम कशावर होतं

मॅनेजर येतो-जातो, खेळाडू विकला जातो. डगआउटमधला हा एक माणूस मात्र आजोबांनी पाहिला, बापाने पाहिला आणि नातवालाही दिसला. तो शहराच्या कुशीतला, त्याच बोलीत ओरडणारा. त्या काळी प्रशिक्षकच बादली आणि स्पंज घेऊन जखमी खेळाडूकडे धावायचे, त्यामुळे दर शनिवारी मोरन हजारो लोकांना मैदानात धावताना दिसायचे. मेन स्टँडच्या पुढच्या रांगांना त्यांचा आवाज स्पष्ट ऐकू यायचा. आपण ज्याच्यासाठी घसा फोडतो त्याच गोष्टीसाठी क्लबच्या आतही कुणीतरी तितकंच तळमळतंय, याचा हा रोजचा पुरावा होता.

यातला एक धागा फार महत्त्वाचा आहे. मोरन यांनी खुर्ची कधी मागितली नाही. १९७४ मध्ये शँकली गेले, १९८३ मध्ये पेझली, १९८५ मध्ये फॅगन. प्रत्येक वेळी मोरन होते तिथेच राहिले आणि नव्या माणसाच्या पाठीशी उभे राहिले. त्यामुळे चाहत्यांच्या मनात त्यांच्याबद्दल शंकेला जागाच उरली नाही. हे प्रेम त्यांच्या जागेवर टिकून राहण्याशी बांधलेलं होतं. आमच्या मते क्लबच्या संचालकांना हीच गोष्ट नीट कळली नाही.

अडचण

फेब्रुवारी १९९१ मध्ये डॅलग्लिश गेले ते मनावरच्या ताणामुळे. १५ एप्रिल १९८९ च्या हिल्सबरो दुर्घटनेनंतर, म्हणजे शेफील्डच्या त्या मैदानावर लिव्हरपूलचे चाहते गर्दीत चेंगरून मेल्यानंतर, मृतांच्या कुटुंबांना आधार देण्याचा मोठा भार त्यांनी उचलला होता. २० फेब्रुवारीला एव्हर्टनविरुद्ध चार वेळा आघाडी घेऊनही सामना ४-४ असा सुटला आणि दोन दिवसांत त्यांनी निर्णय जाहीर केला.

त्यामुळे अडचण दुहेरी होती. हंगाम ऐन मोक्यावर होता आणि ड्रेसिंग रूम हादरलेली. मोरन यांना पुढे करण्याचा फायदा उघड होता: त्यांच्यावर कुणी रागावू शकत नव्हतं. चाहते थांबतील, वर्तमानपत्रं थांबतील, खेळाडू ऐकतील. पण रागावता न येणारा माणूस खुर्चीत बसवला की एक वेगळाच धोका असतो. संघ हरत असताना प्रश्न विचारायचा कुणाला, हेच कळेनासं होतं.

कोणते पर्याय होते

मोरन यांनाच कायम करणं. चाहत्यांना आवडलं असतं, खोलीची परंपरा टिकली असती. पण कायमचं पद आपल्याला नको, हे त्यांनी स्वतः स्पष्ट केलं होतं. वय ५७ ला टेकलेलं. हा पर्याय खरं तर टेबलावर आलाच नाही.

अ‍ॅलन हॅन्सन. अत्यंत लोकप्रिय बचावपटू, गुडघ्याने दगा दिलेला. नाव सगळीकडे चर्चेत. मार्चमध्ये त्यांनी खेळातून निवृत्ती घेतली आणि मॅनेजर व्हायची इच्छा नसल्याचंही सांगून टाकलं.

रॉय एव्हन्स. वय ४२. विशी-पंचविशीतच खेळ सोडून प्रशिक्षक झालेले, राखीव संघातून वर आलेले, मोरन यांच्यासोबत रोज काम करणारे. बूट रूमच्या क्रमाने पाहिलं तर पुढचा नंबर त्यांचाच होता.

बाहेर गेलेला जुना माणूस परत आणणं. सूनेस ३७ वर्षांचे, लिव्हरपूलचे माजी कर्णधार, ग्लासगोच्या रेंजर्सला लीग जिंकून दिलेली. जॉन टोशॅक यांचंही नाव घेतलं जात होतं.

आणखी एक मधला मार्ग होता, ज्याचा गंभीर विचार झाल्याचं दिसत नाही: हंगाम संपेपर्यंत एव्हन्सना संघनिवडीची जबाबदारी द्यायची आणि मोरन यांना त्यांच्या नेहमीच्या कामावरच ठेवायचं. आम्हाला हाच पर्याय सर्वांत योग्य वाटतो. कारण पुढे येईल.

काय केलं आणि काय झालं

मोरन यांना मुदत न सांगता प्रभारी केलं गेलं. दुसऱ्या दिवशी ल्युटनच्या कृत्रिम मैदानावर ३-१ ने हार. २७ फेब्रुवारीला गुडिसन पार्कवर एव्हर्टनकडून १-० ने हार, कपमधून बाहेर. दुसऱ्या दिवशी मोरन यांचा ५७ वा वाढदिवस होता. ३ मार्चला अ‍ॅनफिल्डवर आर्सेनल आलं आणि पॉल मर्सन यांच्या एकमेव गोलावर जिंकून गेलं. विजेतेपदाची शर्यत ज्या संघाशी होती तो हाच, त्यामुळे हा पराभव दुप्पट महाग पडला.

नंतर गाडी रुळावर आली. मँचेस्टर सिटीला त्यांच्या मैदानावर ३-० ने हरवलं, संडरलंडवर मात केली, डर्बीला ७-१ ने धुतलं. मग पुन्हा घसरण: घरच्या मैदानावर क्वीन्स पार्क रेंजर्सकडून ३-१, साउथॅम्प्टनकडून १-०, कोव्हेंट्रीशी १-१. शेवटचा सामना १३ एप्रिलला लीड्सला, मध्यंतराला ४-० ने पुढे आणि शेवटी ५-४ असा जेमतेम वाचवलेला. दहा सामने, चार विजय, एक बरोबरी, पाच पराभव. हंगाम संपला तेव्हा आर्सेनल विजेतं आणि लिव्हरपूल सात गुणांनी मागे, दुसरं.

या आकड्यांवरून मोरन कमी पडले असं म्हणणं अन्यायाचं आहे. घडी कुठे मोडली ते पाहायला हवं. लिव्हरपूलची व्यवस्था दोन आवाजांवर चालायची. एक माणूस रोज ओरडतो, दुसरा संघ निवडतो. ओरडणाऱ्याचा राग खेळाडू मनावर घेत नाही, कारण शनिवारी त्याला बाहेर बसवणारा तो नसतो. निवडणाऱ्याला रोज आवाज चढवावा लागत नाही, कारण ते काम दुसरा करतोय. मोरन खुर्चीत गेले आणि दोन्ही कामं एकाच माणसात आली. आता त्यांच्या ओरडण्यात निवडीची धास्ती मिसळली आणि त्यांची मूळ जागा मोकळी पडली. म्हणजे डॅलग्लिश एकटे गेले, पण क्लबने स्वतःच्या हाताने दुसरी जागाही रिकामी केली. एव्हन्सना वर आणून मोरन यांना जागेवर ठेवायला हवं होतं ते यासाठी.

मुदत न सांगणं ही दुसरी चूक. नवा मॅनेजर कोण, या प्रश्नाचं सावट ५३ दिवस प्रत्येक सामन्यावर होतं.

पुन्हा तीच वेळ: १९९२

वर्षभरात क्लबला मोरन यांची पुन्हा गरज लागली. एप्रिल १९९२ मध्ये सूनेस यांच्यावर हृदयाची बायपास शस्त्रक्रिया झाली. संघ मोरन यांनी सांभाळला. १३ एप्रिलला पोर्ट्समथविरुद्धची एफए कपच्या उपांत्य फेरीची फेरलढत पेनल्टींवर जिंकली. पण १५ एप्रिलला, हिल्सबरोच्या तिसऱ्या स्मृतिदिनी, सूनेस यांची मुलाखत आणि आनंदी छायाचित्र ‘द सन’मध्ये झळकलं. हिल्सबरोच्या खोट्या बातम्यांमुळे ज्या वर्तमानपत्राला शहराने वाळीत टाकलं होतं त्यातच. शहर संतापलं. सूनेस यांनी पुढे माफी मागितली, तरी ती जखम भरली नाही.

९ मे रोजी वेम्बलीवर अंतिम सामन्यासाठी संघाला मैदानात घेऊन आले ते मोरन. सूनेस डॉक्टरसोबत बाकावर बसले होते. संडरलंडला २-० ने हरवून कप जिंकला. पदकं वाटताना घोळ होऊन विजेत्यांना उपविजेत्यांची पदकं मिळाली, ती नंतर बदलून घ्यावी लागली.

या वेळी मोरन का खुलून दिसले? कारण या वेळी खुर्ची रिकामी नव्हती. मॅनेजर ठरलेला होता, काम मोजक्या आठवड्यांचं होतं आणि त्याचा शेवट तारखेसह माहीत होता. माणूस तोच, चाहत्यांचं प्रेमही तेच. १९९१ पेक्षा वेगळी होती ती नेमणुकीची पद्धत. या सगळ्या प्रकरणातली शिकण्याजोगी तुलना हीच आहे.

पुढे काय झालं

सूनेस यांनी जुनी पद्धत बदलली. खेळाडू थेट मेलवूडला येऊ लागले, तिथेच कपडे बदलू लागले, तिथेच जेवू लागले. बसची फेरी संपली. आहारात त्यांनी केलेले काही बदल काळाच्या पुढचे होते, हे मान्य करायलाच हवं. पण त्या काळात दुखापतींची रांग लागली आणि बसचा विषय पुन्हा पुन्हा निघाला. सगळा दोष त्यावर टाकणं बरोबर नाही. तरी सराव आणि आंघोळ यांमधला तो वेळ काढून घेताना त्याच्या जागी काय ठेवायचं, हा प्रश्न विचारला जायला हवा होता.

राखीव संघाचे प्रशिक्षक आणि त्याच मुशीतले फिल थॉम्पसन यांना १९९२ मध्ये काढलं गेलं. १९९३ मध्ये पत्रकार कक्षासाठी बूट रूम पाडली गेली. जानेवारी १९९४ मध्ये सूनेस गेले आणि एव्हन्स मॅनेजर झाले, तीन वर्षं उशिराने. मोरन त्यांच्यासोबत राहिले आणि १९९८ मध्ये, ४९ वर्षांनी, निवृत्त झाले. त्याच नोव्हेंबरात एव्हन्स पायउतार झाले आणि मॅनेजर जेरार हुलिए यांनी थॉम्पसन यांना सहायक म्हणून परत आणलं. ड्रेसिंग रूममध्ये ओरडणारा कुणीतरी हवा, हे क्लबला शेवटी कळलं, पण मधली सहा वर्षं वाया घालवून.

मे २००० मध्ये अ‍ॅनफिल्डवर सेल्टिकविरुद्ध मोरन यांच्या सन्मानार्थ सामना झाला. अशा सामन्याचं उत्पन्न सत्कारमूर्तीला मिळतं. गोल करणाऱ्यासाठी असे सामने होतच असतात, पण मॅनेजरच्या सावलीत आयुष्य काढलेल्या प्रशिक्षकासाठी लोकांनी तिकीट काढून येणं ही वेगळ्या तोलाची गोष्ट आहे. निवृत्तीनंतरही मोरन मेलवूडला चालायला येत राहिले. २२ मार्च २०१७ रोजी, ८३ व्या वर्षी, त्यांचं निधन झालं.

वेगळं काय करता आलं असतं

पहिली गोष्ट, हंगामी नेमणुकीला त्याच दिवशी शेवटची तारीख द्यायची. ‘मे अखेरपर्यंत’ एवढे दोन शब्द पुरले असते.

दुसरी, ज्या माणसावर सगळे विसंबून आहेत त्याला उचलून रिकाम्या खुर्चीत बसवायचं नाही. खुर्चीसाठी दुसरा शोधायचा आणि त्या माणसाला त्याच्याच कामावर ठेवायचं.

तिसरी आणि आमच्या दृष्टीने सर्वांत मोठी: मोरन यांचा वारस कोण, हा प्रश्न १९८० च्या दशकातच विचारायला हवा होता. मॅनेजरचा वारस शोधायला क्लब धडपडतात, संचालक मंडळं बैठका घेतात, वर्तमानपत्रं रकाने भरतात. मोरन यांच्या जागेला मात्र पद म्हणून कुणी पाहिलंच नाही. चाहते इतकं जपत होते ती जागा क्लबच्या कागदावर नव्हती. थॉम्पसन तयार होत होते, त्यांनाच काढलं. पन्नाशी ओलांडलेल्या प्रशिक्षकाच्या हाताखाली निदान तीन हंगाम एक तरुण माणूस ठेवायला हवा. पहिल्या हंगामात त्याने फक्त वही लिहायची, दुसऱ्यात राखीव संघाचा सराव घ्यायचा, तिसऱ्यात मुख्य संघासोबत डगआउटमध्ये बसायचं.

वहीबद्दल एक सूचना आपल्याकडच्या क्लबांसाठी आणि तालमींसाठीही. एका पानावर एक दिवस: तारीख, हवा आणि मैदान, हजर खेळाडू, सराव किती मिनिटं आणि कोणता, दुखापत कुणाला आणि शरीराच्या कोणत्या बाजूला, किती दिवसांनी परतला. मत किंवा शेरा लिहायचा नाही, नाहीतर वही खेळाडूंपासून लपवावी लागते आणि लपवलेली वही महिनाभरात बंद पडते. हंगाम संपला की वही क्लबच्या कपाटात, प्रशिक्षकाच्या घरी नाही.

राहिला सन्मानाचा सामना. तो निवृत्तीनंतर दोन वर्षांनी झाला. प्रशिक्षक कामावर असतानाच, शेवटचा हंगाम जाहीर करून, त्याच हंगामाच्या अखेरीस असा सामना ठेवता येतो. तयारीला सहा महिने पुरतात: पाहुणा संघ, पोलिसांची परवानगी, विमा, उत्पन्नाचा हिशेब ठेवणारी स्वतंत्र समिती. शिवाय त्या वेळचे खेळाडू, ज्यांच्यावर तो माणूस आदल्या आठवड्यापर्यंत ओरडत होता, ते सगळे त्याच मैदानावर हजर असतात.